दक्षता हीच पहिली चिकित्सा

कोणत्याही मोठ्या रुग्णालयात एक दरवाजा असा असतो की, ज्याच्या बाहेर माणसे हळू आवाजात बोलतात. दरवाजावर 'अतिदक्षता विभाग' अशी अक्षरे असतात. बाहेरच्या बाकांवर आप्तमंडळी जेवणाचे डबे आणि औषधांच्या पावत्या सांभाळीत बसलेली असतात. कोणाचे वडील आत असतात, कोणाची सून, तर कोणाचे चार दिवसांचे बाळ. आत यंत्रे आहेत, नळ्या आहेत आणि खर्च पुष्कळ आहे, एवढेच त्यांना ठाऊक असते. डॉक्टर बाहेर येऊन 'सेप्सिस झाले आहे' असे सांगतात, तेव्हा त्या शब्दाने भीतीखेरीज दुसरा कसलाही बोध त्यांना होत नाही.

ज्यांचा दिवस शब्दांच्या देवघेवीत जातो, त्यांना या पाटीवरील शब्दाविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. इंग्रजीत या विभागाचे जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ तीव्र किंवा सघन शुश्रूषा असा होईल. हिंदीने त्यास 'गहन चिकित्सा' म्हटले. मराठीने मात्र 'दक्षता' हा शब्द पुढे केला. हा शब्द ज्या कोणी योजिला, त्याने मूळ गोष्टीचे मर्म अचूक ओळखले असे म्हणावे लागते. कारण सेप्सिस आणि अतिदक्षता या दोन विषयांवर आजवर जे संशोधन झाले, त्याचा निष्कर्ष एका वाक्यात सांगावयाचा तर असा: यंत्र आणि औषध यांच्या आधी, कोणीतरी रुग्णाकडे नीट आणि वेळेवर पाहत असले पाहिजे. हे पाहणे कसे सिद्ध झाले, आणि त्याचा आपल्या घराशी काय संबंध आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पहारेकऱ्यांनीच लावलेली आग

'सेप्सिस' हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ कुजणे किंवा सडणे. आपल्याकडे 'रक्तात विष भिनले' अशा शब्दांत हीच अवस्था सांगितली जाई. जंतू रक्तात शिरतात, तेथे वाढतात आणि त्यांच्या विषाने माणूस दगावतो, अशी जुनी समजूत होती. ती सर्वस्वी खोटी नसली, तरी अपुरी आहे. 2016 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने सेप्सिसची नवी व्याख्या केली. जंतुसंसर्ग झाल्यावर शरीर त्याचा प्रतिकार करते. परंतु हा प्रतिकार ताळ्यावर न राहता शरीराच्याच अवयवांना निकामी करू लागला आणि जिवाला धोका उत्पन्न झाला, म्हणजे त्या अवस्थेस सेप्सिस म्हणावे, असा त्या व्याख्येचा आशय आहे.

गावात चोर शिरला म्हणून पहारेकऱ्यांनी मशाली पेटवाव्यात, आणि त्या धांदलीत कडब्याच्या गंजीला आग लागून सारा गावच पेटावा, तसा हा प्रकार आहे. चोर पकडला गेला तरी आग विझतेच असे नाही. शरीरात नेमके काय घडते? रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपू लागते. त्यामुळे रक्तदाब उतरतो. अतिसूक्ष्म वाहिन्यांत रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात आणि प्राणवायू पेशींपर्यंत पोहोचत नाही. मूत्रपिंडांचे काम मंदावून लघवी कमी होते, फुप्फुसांत पाणी साचू लागून धाप लागते, मेंदूवर गुंगी येते. याचा आरंभ कोठूनही होऊ शकतो. न्यूमोनिया, लघवीच्या मार्गाचा संसर्ग, फुटलेले आंत्रपुच्छ, मधुमेही माणसाच्या पायाची चिघळलेली जखम, किंवा बाळंतपणानंतरचा ज्वर, यांपैकी कोणतेही निमित्त त्यास पुरते.

हा रोग विरळा नाही. 2017 या एका वर्षात जगभर सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाले आणि त्यांपैकी सुमारे 1 कोटी 10 लाख दगावले, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या वर्षी जगात झालेल्या दर पाच मृत्यूंपैकी एक सेप्सिसशी निगडित होता. बाधितांपैकी सुमारे 2 कोटी ही पाच वर्षांखालील मुले होती. याच वर्षाच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने सेप्सिसचा प्रतिबंध, निदान आणि उपचार यांकडे सर्व राष्ट्रांनी लक्ष द्यावे, असा ठराव संमत केला.

व्हिएन्नातील दोन प्रसूतिगृहे

सेप्सिसविषयीच्या पद्धतशीर निरीक्षणाचा एक आरंभ बाळंतिणींच्या खाटांपाशी झाला. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात 1840 नंतरच्या दशकात दोन प्रसूतिगृहे होती. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणी. पहिल्या गृहात सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दुसऱ्याहून कितीतरी अधिक होते. ही गोष्ट शहरातील स्त्रियांनाही ठाऊक होती. पहिल्या गृहात आपणांस घालू नये, म्हणून त्या हात जोडून विनवीत.

इग्नाट्झ सेमेलवाइस हा हंगेरियन डॉक्टर तेथे साहाय्यक होता. हवा, गर्दी, आहार अशी एकेक कारणे त्याने तपासून बाजूला सारली. 1847 साली त्याचे एक सहकारी कोलेच्का शवविच्छेदन करताना हाताला चाकू लागल्याने आजारी पडून वारले. त्यांच्या शरीरातील लक्षणे बाळंतिणींच्या शरीरातील लक्षणांसारखीच आहेत, हे सेमेलवाइसने पाहिले. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणींकडे येत. सुइणी शवाला हात लावीत नसत. फरक होता तो एवढाच. त्याने सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल 1847 मध्ये पहिल्या गृहातील मृत्यूचे प्रमाण शेकडा 18.3 होते. जूनमध्ये ते 2.2 वर आणि जुलैमध्ये 1.2 वर आले.

एवढा स्पष्ट पुरावा असूनही त्या काळच्या अनेक प्रतिष्ठित वैद्यांना आपले हात मृत्यू वाहून नेतात, हे मानवले नाही. 1849 साली सेमेलवाइसची नेमणूक संपली ती पुन्हा वाढविण्यात आली नाही. 1865 साली तो मनोरुग्णालयात मरण पावला, आणि तोही जखमेतून पसरलेल्या जंतुसंसर्गानेच. सूतिकाज्वराच्या रुग्णांत साखळीसारखे दिसणारे जंतू असतात, हे लुई पाश्चरने पॅरिस येथील वैद्यक परिषदेत फळ्यावर काढून दाखविले ते 1879 साली. म्हणजे जंतूचे नाव ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी, नुसत्या मोजणीने आणि हात धुण्याने स्त्रियांचे प्राण वाचले होते.

कोपनहेगनचे विद्यार्थी

अतिदक्षता विभागाचा जन्म दुसऱ्या एका संकटातून झाला. 1952 सालच्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेग्डम रुग्णालयात दररोज नवे रुग्ण येत होते. ज्यांचे श्वसनाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडत, त्यांच्यासाठी त्या मोठ्या रुग्णालयात 'लोखंडी फुप्फुस' म्हणून ओळखले जाणारे यंत्र एकच होते आणि छातीवर बसविण्याची सहा लहान यंत्रे होती. साथीच्या पहिल्या आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले.

रुग्णालयाचे प्रमुख लासेन यांनी ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलाविले. भूलतज्ज्ञाचे स्थान त्या काळी शस्त्रक्रियागृहातच असे. साथीच्या रुग्णाशी त्याचा संबंध काय, असे अनेकांना वाटत होते. इब्सेनने कागदपत्रे आणि शवविच्छेदनाचे अहवाल पाहिले. रुग्णांच्या रक्तातील एका घटकाच्या वाढीचा अर्थ इतरांनी चुकीचा लावला होता. हे रुग्ण मेंदूवरील आघातामुळे नव्हे, तर श्वास अपुरा पडून कार्बन डायऑक्साइड रक्तात साठल्यामुळे मरत आहेत, असे त्याचे मत पडले. 27 ऑगस्ट 1952 रोजी त्याने बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यास आरंभ केला. मुलगी वाचली.

आता प्रश्न हातांचा होता. यंत्रे नव्हती, आणि रुग्ण तर एके वेळी सत्तरपर्यंत असत. तेव्हा वैद्यकाचे सुमारे 1,500 विद्यार्थी बोलाविण्यात आले. पाळीपाळीने रुग्णाच्या उशाशी बसून, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे त्यांनी त्या पिशव्या दाबल्या. एका विद्यार्थ्याचा हात थांबला असता, तर एका मुलाचा श्वास थांबला असता. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1953 साली, इब्सेनने कोपनहेगनच्या नगरपालिका रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. येथे परिचारिका रुग्णापासून हलत नसे आणि नाडी, श्वास व रक्तदाब यांची नोंद सतत ठेवली जाई. जगातील पहिल्या अतिदक्षता विभागांत त्याची गणना होते. यंत्रे त्यात पुढे आली. प्रथम आले ते उशाशी बसलेले माणूस.

रामबाण औषधाचा शोध

प्रतिजैविके हाती आल्यावर जंतूंचा बंदोबस्त होऊ लागला, तरीही सेप्सिसचे रुग्ण मरतच होते. चोर पकडला गेला तरी आग विझत नाही, हा अनुभव वैद्यांना येऊ लागला. मग आग विझविणारे औषध शोधण्याचा प्रयत्न सुरू झाला. शरीरातील दाह वाढविणारे एकेक द्रव्य ओळखून त्याला अडविणारी औषधे सिद्ध करण्यात आली आणि 1990 नंतरच्या दशकात त्यांचे एकामागून एक प्रयोग झाले. प्रयोगशाळेतील उंदरांवर यशस्वी ठरलेली ही औषधे माणसांवर निष्फळ ठरली.

त्यांतील एका औषधाने मात्र मोठी आशा उत्पन्न केली. रक्त गोठण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या एका नैसर्गिक प्रथिनापासून ते बनविलेले होते. 1,690 रुग्णांवरील प्रयोगात मृत्यूचे प्रमाण शेकडा 30.8 वरून 24.7 वर आल्याचे दिसले आणि नोव्हेंबर 2001 मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. औषध अतिशय महाग होते आणि त्याने रक्तस्रावाचा धोकाही वाढत असे. पुन्हा एकदा मोठ्या प्रमाणावर प्रयोग केला असता त्याचा लाभ सिद्ध झाला नाही, आणि ऑक्टोबर 2011 मध्ये ते जगभरातील बाजारातून परत घेण्यात आले. अलीकडे क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांविषयीही असाच गाजावाजा झाला. 2022 साली 872 रुग्णांवरील प्रयोगाचा निकाल आला, तेव्हा ते जीवनसत्त्व दिलेल्यांची स्थिती न दिलेल्यांपेक्षा वाईट झाल्याचे आढळले.

औषधांची ही कथा चालू असताना दुसरीकडे एक निराळाच प्रयोग झाला. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 263 रुग्णांवर, ते रुग्णालयाच्या दारात पाऊल टाकताच, पहिल्या सहा तासांत ठरलेल्या क्रमाने उपचार केले. शिरेतून द्रव, रक्तदाब वाढविणारी औषधे, जरूर तर रक्त, आणि या साऱ्यांवर सतत देखरेख असा तो क्रम होता. मृत्यूचे प्रमाण शेकडा 46.5 वरून 30.5 वर आले. 2001 सालच्या या निष्कर्षाने जगातील रुग्णालयांची पद्धत बदलली. पुढे 2014 आणि 2015 साली अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड येथून चालविलेल्या तीन मोठ्या प्रयोगांत मात्र असे दिसून आले की, तो काटेकोर क्रम पाळलेल्या आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या रुग्णांत काहीच फरक पडत नाही.

वरकरणी हा पराभव वाटेल. परंतु मधल्या तेरा-चौदा वर्षांत 'नेहमीचे उपचार' हेच बदलून गेले होते. रोग लवकर ओळखणे, प्रतिजैविक लगेच देणे आणि रुग्णाकडे वारंवार पाहणे हे सर्वत्र रूढ झाले होते. दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण पूर्वीपेक्षा बरेच खाली होते. क्रमातील गुंतागुंतीच्या पायऱ्या गळून पडल्या, तरी दक्षता शिल्लक राहिली आणि तीच उपयोगी पडत होती.

या कथेला आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्यासारख्या देशाने विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. शिरेतून भराभर द्रव देणे हा उपचार श्रीमंत देशांत सर्वमान्य झाला होता. युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांत, जेथे कृत्रिम श्वसनाची सोय नव्हती अशा रुग्णालयांत, तीव्र ज्वराने रक्ताभिसरण मंदावलेल्या 3,141 मुलांवर याची परीक्षा घेण्यात आली. ज्यांना भराभर द्रव दिले, त्यांच्यापैकी 48 तासांत शेकडा साडेदहाच्या आसपास दगावली. ज्यांना तसे दिले नाही, त्यांच्यापैकी शेकडा 7.3. मृत्यू वाढत आहेत असे दिसताच प्रयोग मध्येच थांबविण्यात आला. 2011 साली हा निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक तज्ज्ञ थक्क झाले. 'एक सलाईन लावा म्हणजे ताकद येईल' असा आग्रह आपल्याकडे डॉक्टरांना घरोघरी केला जातो. त्यांनी या मुलांची आठवण ठेवावी. सलाईन हे औषध आहे आणि ते कोणाला, किती आणि कोणत्या वेगाने द्यावयाचे, याला विचार लागतो.

एका तासाचे मोल

मग सेप्सिसमध्ये निश्चित उपयोगी असे काय आहे? 2006 साली कॅनडा आणि अमेरिका येथील 2,731 रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सारे रुग्ण सेप्सिसमुळे रक्तदाब उतरलेले, म्हणजे अगदी कडेलोटावर आलेले होते. रक्तदाब उतरल्यापासून पहिल्या तासात योग्य प्रतिजैविक मिळालेल्यांपैकी शेकडा 80च्या सुमारास वाचले. आणि त्यापुढे उशीर होत गेला तसतसे दर तासाला जगण्याचे प्रमाण सरासरी शेकडा 7.6 ने घटत गेले. निम्म्या रुग्णांना तर पहिल्या सहा तासांतही योग्य औषध मिळालेले नव्हते.

यावरून कोणी असा अर्थ काढील की, ताप आला की प्रतिजैविक घ्यावे. तसे करणे घातक होय. 2021 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात हा भेद स्पष्ट केला आहे. रक्तदाब उतरलेला असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल, तर एका तासाच्या आत औषध द्यावे. नुसती शंका असेल आणि रक्तदाब ठीक असेल, तर तपासण्या त्वरेने करून तीन तासांच्या आत निर्णय घ्यावा. साध्या सर्दी-पडशाला प्रतिजैविकाचे कामच नाही.

ते विनाकारण वापरल्याचे फळ आपण भोगीत आहोत. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात नवजात अर्भकांच्या सेप्सिसचा अभ्यास झाला. सर्वांत अधिक आढळलेल्या जंतूंपैकी अॅसिनेटोबॅक्टर या जातीचे शेकडा 82 आणि क्लेब्सिएला या जातीचे शेकडा 54 जंतू अनेक औषधांना दाद न देणारे निघाले. जन्माला येऊन चार दिवस झालेल्या बाळाने कोणतेही औषध कधी घेतलेले नसते. त्याच्या वाट्याला हे निर्ढावलेले जंतू येतात ते तुमच्या-आमच्या औषधांच्या गैरवापरामुळे आणि रुग्णालयांतील अस्वच्छतेमुळे. प्रतिजैविकांच्या वेष्टनावर उभी लाल रेघ असते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये हे सांगण्यासाठी. मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देणे हा परोपकार नव्हे.

गडचिरोलीची अतिदक्षता

आतापर्यंतची हकीकत बहुतांशी परदेशांतील आणि मोठ्या रुग्णालयांतील झाली. ज्या गावी रुग्णालयच नाही, तेथे अतिदक्षता कशी व्हावी? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, मिळाले.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तेथील खेड्यांत अर्भकमृत्यूंची काळजीपूर्वक नोंद ठेवली. सेप्सिस हे नवजात बाळांच्या मृत्यूचे एक मोठे कारण असल्याचे दिसून आले. आजारी बाळाला दवाखान्यात न्या म्हटले, तरी फारच थोडे आईबाप नेऊ शकत. अंतर, पैसा आणि बाळंतिणीने घराबाहेर पडू नये ही रूढी आड येई. तेव्हा 1995 पासून 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार करण्यात आले. त्यांचे शालेय शिक्षण थोडे होते. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, अंग गार आहे की गरम ते पाहणे, बाळ दूध ओढते की नाही हे विचारणे, आणि लक्षणे जुळली तर आईबापांच्या संमतीने घरच्या घरी जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे दुसरे प्रतिजैविक देणे, एवढे त्यांना येत होते.

डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्याचे फळ प्रसिद्ध झाले. शेजारच्या 47 गावांशी तुलना करता, तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात बालमृत्यू शेकडा 62 ने घटले होते. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी पूर्वी शेकडा 16.6 दगावत; आरोग्यदूतांनी उपचार केल्यावर शेकडा 2.8. ज्या झोपडीत विजेचा दिवाही नसेल, तेथे यंत्रावाचून दक्षता पोहोचली होती. पुढे 2011 साली भारत सरकारने नवजात बालकांची घरगुती काळजी हा कार्यक्रम देशभर सुरू केला. त्यानुसार गावची आशा कार्यकर्ती बाळाच्या पहिल्या 42 दिवसांत ठरलेल्या दिवशी सहा ते सात वेळा घरी येते. 'ती पुन्हा पुन्हा कशाला येते?' असे ज्या सासूबाईंना वाटते, त्यांना या आकड्यांत उत्तर सापडेल.

घरातील पहारा

सेप्सिसची पहिली चाहूल बहुधा डॉक्टरांना नव्हे, घरच्या माणसांना लागते. यास्तव पुढील गोष्टी प्रत्येक गृहिणीने, गृहस्थाने आणि घरातील मोठ्या मुलांनीही ध्यानात ठेवाव्यात.

मोठ्या माणसाला ताप, जखम किंवा इतर संसर्ग असताना त्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले, तो गुंगीत गेला, श्वास भराभर चालू लागला, थंडी वाजून अंग थरथरू लागले, दिवसभरात लघवी जवळजवळ झालीच नाही, किंवा हातपाय गार पडून कातडीवर निळसर डाग दिसू लागले, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. वृद्धांत आणि अशक्त माणसांत पुष्कळदा ताप नसतोच. उलट अंग गार लागते. 'आजोबा आज नेहमीसारखे बोलत नाहीत' एवढीच खूण कधी कधी मिळते. ती हसण्यावारी नेऊ नये.

नवजात बाळाने दूध ओढणे सोडले, ते मलूल पडले, अंग तापले किंवा गार पडले, आचके आले, छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा शांत असताना मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक श्वास होऊ लागले, तर ते संकटात आहे असे समजावे. बाळंतिणीला ताप, ओटीपोटात दुखणे आणि दुर्गंधीयुक्त स्राव ही लक्षणे दिसली, तर 'बाळंतपणात असे होतेच' म्हणून स्वस्थ बसू नये. मधुमेही, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगावर उपचार घेत असलेले आणि पानथरी काढलेले यांच्याविषयी अधिक सावध असावे.

अशा वेळी रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे. बहुतेक राज्यांत 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तेथे गेल्यावर लक्षणे केव्हा सुरू झाली, लघवी केव्हा झाली आणि कोणती औषधे चालू आहेत, हे नेमके सांगावे, आणि 'डॉक्टर, हे सेप्सिस तर नसेल ना?' असे नम्रपणे विचारावे. या प्रश्नाने कोणत्याही सुज्ञ डॉक्टरास राग येणार नाही. रुग्ण बरा होऊन घरी आल्यावरही कित्येक महिने अशक्तपणा, विसराळूपणा, झोपेत दचकणे असे त्रास राहू शकतात. तो आळस नव्हे, हे घरच्यांनी जाणून त्याला हळूहळू चालते-फिरते करावे.

आणि हे सारे टाळण्याचा मार्गही आपल्या घरातूनच जातो. मुलांच्या लशी वेळेवर टोचून घ्याव्यात, जखम स्वच्छ धुवावी, मधुमेही माणसाचे तळवे रोज पाहावेत आणि बाळाला किंवा बाळंतिणीला हात लावण्यापूर्वी तो साबणाने धुवावा. व्हिएन्नात 1847 साली जे डॉक्टरांना पटविणे कठीण गेले, ते आपल्या घरात मोरीवरच्या साबणाने आज, आत्ता करता येण्यासारखे आहे.